चोरउतार

फिरत्या चाकावर भिंगाची कड टेकवून ती गोलाई काढत होती, तेवढ्यात दुकानाचं दार ढकलून शेजारीण आत आली. पायांत घरातल्याच सपाता होत्या.

“तुझ्या सासूबाई इकडे आल्यात का?”

“इकडे कशाला येतील?”

“मग घरातही नाहीत गं. दार नुसतं लोटलेलं. हाका मारून दमले मी.”

चाक कर्रकन वाजलं आणि भिंगाच्या कडेचा टवका उडाला. दुकानाचा मालक, म्हातारा चष्मेवाला, टेबलामागे फ्रेमचे स्क्रू पिळत बसला होता. त्याने आधी काचेकडे पाहिलं, मग तिच्या चेहऱ्याकडे, आणि काचेबद्दल एक अक्षर काढलं नाही.

“जा पोरी,” तो म्हणाला. “मी बघतो इथलं.”

ती पळतच घरी गेली. गॅस बंद होता. सासूबाईंचा कप धुऊन पालथा घातलेला होता. हे पाहून तिला हायसं वाटायला हवं होतं, कारण अलीकडे त्या विसरत चालल्या होत्या. परवाच घराच्या किल्ल्या पिठाच्या डब्यात सापडल्या होत्या, आणि नातीला त्यांनी आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. पण खुंटीवरचा तपकिरी कोट नव्हता. खाटेखालचे चांगले बूट नव्हते. हातातली पिशवी नव्हती. वाट चुकणारी म्हातारी माणसं घरच्या चपलांत बाहेर पडतात. बूट घालून, कोट चढवून निघालेलं माणूस चुकत नाही, ते जातं. ती उंबरठ्यावरच थबकली. काल रात्री घरात काय झालं होतं ते बाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या मुलखात प्रत्येक गावाला दोन नावं होती. डोंगराकडच्या लोकांची भाषा वरची, सपाटीवरच्यांची खालची. सरहद्द दर पिढीला कूस बदलायची आणि तिच्यासोबत पाट्याही बदलायच्या. सध्या सरकार वरच्या भाषेत बोलत होतं आणि बाजार खालच्या. ती वरची, लग्न होऊन खाली आली. सासरची भाषा तिने भराभर उचलली, आधी भाव करण्यापुरती, मग भांडण्यापुरती, आणि पुढे तर तिला स्वप्नंही त्याच भाषेत पडू लागली. गावांची नावं मात्र तिने माहेरचीच ठेवली. सासूबाई आपली नावं घेत, ती आपली घेई, आणि गाडी दोघींनाही त्याच गावाला नेऊन सोडी. नवरा चेष्टेने म्हणायचा, आमच्या घरात नकाशाचीसुद्धा सोयरीक झालीय.

काल रात्री जेवताना मुलगी म्हणाली, “सुट्टीत आपण आजोळी जायचं ना?”

“चोरउतारला?” सासूबाईंनी ताटातून मान वर न काढता विचारलं.

तिच्या माहेरच्या गावाचं नाव चोरउतार नव्हतं. तिच्या भाषेत त्या नावाचा अर्थ होता नदीची उशी, कारण डोंगरातून दमूनभागून आलेली नदी तिथल्या वळणावर जणू डोकं टेकते. खालचे लोक मात्र त्या गावाला चोरउतार म्हणत. का, ते कोणी सांगत नसे. तिने कधी विचारलंही नव्हतं. शिवीचा अर्थ कोण विचारतं?

मुलगी फिस्सकन हसली. “म्हणजे माझे आजोबा चोर होते?”

तिच्या हातातला डाव भांड्यावर आपटला आणि ती सासूबाईंकडे वळली.

“आई, त्या गावाला नाव आहे. जिभेला जमत नसेल तर घेऊ नका. आणि माझ्या माहेरचे चोर असतील, तर चोरांच्या लेकीच्या हातचं जेवता तरी कशाला?”

सासूबाईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. ताटात अर्धं जेवण होतं. त्यांनी ते झाकून ठेवलं, हात धुतला आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. सकाळी त्यांच्या दारावरून जाताना तिचं पाऊल जरा अडखळलं होतं. पण रोजचं “येते” न म्हणताच ती निघाली होती.

बसस्थानकावर तिकीटखिडकीमागचा माणूस सुटे पैसे रचत होता. तिने काचेवर टकटक केलं.

“एक म्हातारी बाई आली होती का? तपकिरी कोट. डाव्या पायाने जरा लंगडते.”

“आली होती ना. डोकं खाल्लं.” त्याने वर पाहिलं. “नाव सांगते ते गाव यादीत नाही. म्हटलं, आजी, असं गाव नाही. पुन्हा तेच. तीनदा सांगितलं. मागे रांग ओरडायला लागली. शेवटी म्हटलं, सरकारी नाव सांगा, नाहीतर बाजूला व्हा.”

“कुठलं नाव घेत होत्या?”

“खालच्या भाषेतलं काहीतरी. ती मला कुठे येते?”

“मग?”

“मग काय, झाली बाजूला.”

रांगेतून बाजूला होणाऱ्या सासूबाई तिच्या डोळ्यांसमोर आल्या. पिशवी छातीशी धरलेली, मान ताठ. पलीकडे झाडलोट करणाऱ्या बाईने झाडू थांबवला.

“त्या परत आल्या होत्या की. त्या खांबाशी उभ्या राहिल्या बराच वेळ, ओठ हलवत. पाठांतर घोकावं तशा. मग पुन्हा खिडकीवर गेल्या आणि तिकीट घेऊन आल्या.”

“कुठलं तिकीट?”

“ते मी कुठे बघितलं? पुलाची गाडी लागली होती आणि डोंगराची. दोन्ही भरून गेल्या.”

खिडकीतल्या माणसाने खांदे उडवले. दिवसभरात हजार तिकिटं फाडतो, तो म्हणाला, कुणाकुणाला लक्षात ठेवू?

तिने नवऱ्याला फोन लावला. तो ट्रक चालवायचा. दूरच्या कुठल्यातरी गोदामात माल चढवत होता आणि मागे लोखंड आदळत होतं.

“पुलावर बघ,” तो ओरडून म्हणाला. “ती पलीकडेच जाणार. तिचं गाव पलीकडे. कधीपासून म्हणतेय, मरायच्या आधी एकदा बघायचंय.” मग आवाज खाली आला. “काही झालं का घरात?”

“नाही,” ती म्हणाली.

ती वळली तर चष्मेवाला आपली जुनी गाडी घेऊन स्थानकाच्या दाराशी उभा होता. दुकानाला कुलूप घालून आला होता.

“बस,” तो म्हणाला. “गिऱ्हाइकांना आज अंधुक दिसलं तर दिसू दे.”

पुलाकडे जाणारा रस्ता सरळ होता, पण तिला तो संपेना. दर थांब्यावर ती काचेला नाक लावून पाहत होती. पुलापलीकडे जायला परवाना लागायचा. गेल्या हिवाळ्यात असाच एक म्हातारा चालत चालत पलीकडे गेला आणि पकडला गेला. त्याने गावाचं नाव एक सांगितलं, कागदावर दुसरं निघालं. ठरलं की हा खोटं बोलतोय. दोन्ही नावं एकाच गावाची आहेत हे पटवून द्यायला घरचे पोहोचेपर्यंत तो कोठडीत जमिनीवर झोपत होता. परत आल्यावर त्याने गावाचं कोणतंच नाव पुन्हा घेतलं नाही.

“काका, मी त्यांना काल बोलू नये ते बोलले,” ती अचानक म्हणाली.

चष्मेवाल्याने आरशातून पाहिलं. “सासूला?”

“हो.”

“मग त्यात नवीन काय?” तो म्हणाला. पण ती हसली नाही, तेव्हा त्याने गाडीचा वेग वाढवला.

पुलाच्या तोंडाशी चौकी होती. आडव्या दांडीपाशी एक शिपाई उभा होता, पलीकडच्या बाजूचा. तिने त्याला सासूबाईंचं वर्णन सांगितलं.

“जायचं कुठे होतं त्यांना?”

तिने गावाचं नाव सांगितलं, सरकारी, वरच्या भाषेतलं, तिला येत होतं ते. शिपायाने मान हलवली. असं गाव पलीकडे नाही.

“आहे हो. नदीच्या खालच्या अंगाला. विटांच्या भट्ट्या आहेत तिथे.”

“भट्ट्या गावोगाव आहेत, बाई. नाव सांगा.”

दुसरं नाव तिला ठाऊक होतं. लग्न झाल्यापासून रोज कानावर पडत होतं. आमच्या गावची माती, आमच्या गावचं पाणी, आमच्या गावात असं नव्हतं. ते नाव निघालं की ती उठून काहीतरी कामाला लागायची. आता तिने ते पहिल्यांदाच तोंडात घेतलं. मधलं अक्षर जिभेवरून घसरलं. तिने पुन्हा म्हटलं.

शिपायाचा चेहरा जरा सैल पडला. त्याने मधलं अक्षर लांबवून ते नाव नीट म्हणून दाखवलं, लहान मुलाला शिकवावं तसं.

“आज त्या गावाचं कोणी आलं नाही,” तो म्हणाला. “म्हातारी माणसं येतात इथे. पलीकडे बघतात, उभी राहतात, परत जातात. मी हाकलत नाही. पण आज कोणीच नाही. पुलाच्या गाडीतून उतरलं ते सगळं बाजाराचं गिऱ्हाईक.”

ती कठड्याकडे गेली. खाली नदी गढूळ आणि भरलेली होती. एका वळणावर पाणी स्वतःभोवती गोल गोल फिरत होतं. ती नको नको म्हणत तिथेच पाहत राहिली. सकाळी “येते” म्हणाली असती तर? तेवढं एक म्हटलं असतं तर?

खिशात फोन वाजला. माई. तिची आई दिवसा कधी फोन करत नसे. आणि केला की बोलणं लांबत असे. तिने फोन कापला. तो लगेच पुन्हा वाजला.

“माई, मी नंतर करते, इथे...”

“अगं, विहीणबाई आल्यात.”

“कोण?”

“तुझी सासू. इथे माझ्यासमोर बसलीय. बसमधून उतरली आणि विचारत विचारत आली म्हणे. मी चहा दिला, प्यायली. पुढे काय करायचं ते मला कळेना. ती बोलते ते मला समजत नाही, मी बोलते ते तिला. तू बोलली नाहीस की त्या येणार आहेत म्हणून.”

ती कठड्याला धरून खाली बसली. चष्मेवाला घाईने जवळ आला, तेव्हा तिने नुसतं वर बोट दाखवलं, डोंगराकडे.

डोंगराचा रस्ता वळणांचा होता. प्रत्येक फाट्यावर पाटी, पाटीवर दोन नावं, आणि दोहोंपैकी एकावर कुणीतरी डांबर फासलेलं. काही ठिकाणी दोन्हींवर. गाडी जसजशी वर चढली तसतशी तिच्या मनातली पहिली भीती ओसरली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. लग्नाला सासूबाई आल्या नव्हत्या. त्यानंतरही या गावाकडे त्यांनी कधी पाऊल वळवलं नव्हतं. आज कशाला आल्या? गाऱ्हाणं करायला? तुमच्या लेकीने मला असं सुनावलं, हे माईला खालच्या भाषेत सांगायला? आणि माईच्या तोंडावर त्यांनी तेच नाव घेतलं तर?

माईच्या स्वयंपाकघरात टेबलाच्या दोन बाजूंना दोघी बसल्या होत्या. मध्ये शेंगांचा ढीग. दोघीही सोलत होत्या, मुकाट्याने, आणि दाणे एकाच वाडग्यात पडत होते. सासूबाईंचा कोट खुर्चीवर नीट घडी करून ठेवलेला होता.

“आई!” तिचा आवाज फुटला. “न सांगता येतात का असं? जीव टांगणीला लागला माझा. पुलापर्यंत जाऊन आले मी.”

“पुलावर कशाला?” सासूबाईंनी शांतपणे विचारलं. “तिकीट तर इथलं काढलं. तुमच्या भाषेतलंच नाव घेऊन काढलं. आधी जिभेवर बसेना.”

“पण सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर कारण विचारलं असतंस.”

“मग?”

“मग काय सांगणार होते? आधी जागा बघावी म्हटलं. हीच का ती, ते.”

माई एकीच्या तोंडाकडून दुसरीच्या तोंडाकडे पाहत होती. “आल्यापासून एकच शब्द म्हणतायत गं. खिडकीतून नदी दाखवतात आणि तोच शब्द. मी आपली मान हलवते. काय आहे ते?”

शब्द कोणता असणार हे तिला कळलं. तिचे कान तापले.

“काही नाही, माई.”

“सांग तिला,” सासूबाई म्हणाल्या. त्यांना भाषा समजली नव्हती, पण सुनेचा चेहरा समजला होता. “चोरउतार. सांग. आणि हेही सांग की चोर तुमचे नव्हते.” त्यांनी शेंग खाली ठेवली. “चोरवाट म्हणतात तिथे काय चोर राहतात? चोरपावलांनी येणारा दरवेळी चोरीच करतो का? आम्ही नदी उतरलो इथे. त्या काठावरून या काठाला. पलीकडे आमची घरं पेटवली होती आणि पुलावर बंदुका होत्या. इथले लोक आम्हाला खांद्यावर घेऊन उतरवायचे, अंधारात, चोरून. म्हणून चोरउतार.”

ती उभीच होती. चष्मेवाल्याने दारातून एक खुर्ची तिच्याकडे सरकवली, आणि तो अंगणात निघून गेला.

“मग इतकी वर्षं का नाही बोललात?” तिने विचारलं. “काल तरी?”

“बाबांनी शपथ घातली होती. ज्यांनी उतरवलं त्यांची वाट कुणाला दाखवायची नाही. कळलं तर त्यांचीही घरं जातील. आपल्याआपल्यात तेवढं नाव ठेवलं. पुढे शपथ घालणारे गेले, घरं जाळणारेही गेले. आम्हाला शपथेतून सोडवायचं मात्र राहून गेलं.”

तिने माईला सांगितलं. सांगताना मध्येच थांबावं लागलं, कारण दोन्ही भाषा घशात एकदम आल्या. माईचे हात शेंगांवर तसेच राहिले.

“आम्हाला लवकर झोपवायचे,” माई हळूच म्हणाली. “लहानपणी. एकेका रात्री दिवाच लावू द्यायचे नाहीत. बाबा कुठे गेले विचारलं की आई थोबाडीत द्यायची. मला वाटायचं, बाबा बाहेर काहीतरी वाईट करतात. त्यांना विचारलं नाही कधी. ते गेले तेव्हासुद्धा नाही.”

हे सुनेने सासूबाईंना सांगितलं. त्यांनी टेबलापलीकडे हात नेला, पण माईच्या हाताशी पोहोचण्याआधी थांबवला आणि दोन शेंगा उचलून आपल्याकडे घेतल्या.

त्यांनी त्या सोलल्या. मग सासूबाई म्हणाल्या, “अजून एक विचारायचंय. हसू नका.”

“नाही हसत.”

“मला ज्याने खांद्यावर घेतलं होतं ना, पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं होतं. मी एवढीशी. आणि तो सगळ्या वाटेत एकच काहीतरी बोलत होता, तुमच्या भाषेत. पुन्हा पुन्हा, दात आवळून. मला वाटलं, देवाचं काहीतरी असणार. ते मी पाठ केलं. पुढे घाबरले की तेच म्हणायचे. तुझे सासरे गेले त्या रात्री म्हटलं. तुझ्या नवऱ्याला ताप चढला होता तेव्हा सकाळपर्यंत म्हणत बसले, आणि ताप उतरला.” त्या थांबल्या. “अर्थ मात्र ठाऊक नाही. तू घरात आलीस तेव्हापासून विचारीन विचारीन म्हणते. पण तू अर्थ सांगितला असतास, आणि मग हे शिकलात कुठे, तेही विचारलं असतंस.”

त्यांनी डोळे मिटले आणि ते म्हटलं.

तिला काही उमगलं नाही. नदीतल्या गोट्यासारखे ते शब्द घासून घासून गुळगुळीत झाले होते. टोक कुठे, सुरुवात कुठे, कळत नव्हतं. तिने माईकडे पाहिलं. माई पुढे वाकली होती.

“पुन्हा म्हणायला सांग.”

सासूबाईंनी पुन्हा म्हटलं, आणखी सावकाश. माईने ओठांवर पदर दाबला. आधी तिचे खांदे हलले, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ती हसायलाच लागली, मोठ्याने, टेबलाला धरून.

“देवाचं कसलं बाई! अगं, जुन्या माणसांचं बोलणं ते.” आणि तिने ते शब्द नीट सुटे करून सांगितले.

तेव्हा सुनेलाही कळले. ती हसली नाही. सासूबाई तिच्याकडे पाहत होत्या, पाठ ताठ करून, निकाल ऐकायला बसलेल्या माणसासारख्या. काहीतरी चांगलं सांगावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. घाबरू नकोस, असं. किंवा देव तारेल, असं. इतक्या रात्री ज्याच्या आधाराने काढल्या, त्याला शोभेल असं. कोणाला कळणार होतं? माईला खालची भाषा येत नव्हती. तिने तोंड उघडलं, आणि काल रात्री याच बाईने असंच तोंड उघडून मिटलं होतं ते तिला दिसलं.

“तो म्हणत होता,” ती म्हणाली, “कान सोड. माझे कान सोड गं पोरी, तुटतील.”

सासूबाईंनी टेबलावर पालथे ठेवलेले हात हळूच उलटे केले आणि तळव्यांकडे पाहिलं. बोटं आपोआप मिटत आली होती.

“नाही सोडले मी,” त्या म्हणाल्या. “काठ लागला तरी नाही.”

“काय म्हणाल्या?” माईने डोळे पुसत विचारलं. “सांग ना गं. काय म्हणाल्या विहीणबाई?”